ध्रुवावरच्या खऱ्या गोष्टी: कुठून सुरू करायच्या आणि दुसऱ्याला कशा सुचवायच्या

ध्रुवीय मोहिमांवरचं पहिलं पुस्तक मी साठाव्या पानावर मिटलं. एका मोहिमेचा अधिकृत वृत्तांत होता तो, दोन जाडजूड खंडांचा. साठ पानं झाली तरी जहाज बंदरातच. कोळसा किती टन घेतला, बिस्किटांच्या पेट्या किती, देणग्या कुणी दिल्या, निरोपाच्या मेजवानीत भाषण कुणी ठोकलं. बर्फाचा कणसुद्धा दिसला नव्हता. हा विषय आपल्याला झेपणारा नाही असं ठरवून मी मोकळा झालो आणि दोन-तीन वर्षं त्याच्या वाटेला गेलो नाही.

मग एका प्रवासात शेजारी बसलेल्या गृहस्थांनी पुस्तकाचं नावही न घेता नुसती गोष्ट सांगितली. जहाज बर्फात अडकून चिरडलं गेलं, माणसं पाच महिन्यांहून जास्त काळ तरंगत्या बर्फावर तंबू ठोकून राहिली, शेवटी सहा जण एका लहानशा होडीतून मदत आणायला निघाले. "मग पुढे?" असं मी विचारलं, तर त्यांचं उतरायचं ठिकाण आलेलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: आधी मोहीम निवडायची, पुस्तक नंतर. एकेका मोहिमेवर पाच-सहा माणसांच्या डायऱ्या, नेत्याचा वृत्तांत आणि पुढच्या काळातल्या लेखकांची पुस्तकं असतात. यातलं चुकीचं पहिल्यांदा हाती आलं, तर दोष पुस्तकाचा असतो आणि आपण विषयाला नाव ठेवतो. खालचा क्रम माझ्या चुकांमधून तयार झाला आहे. तुम्ही त्या टाळाव्यात, एवढ्यासाठी लिहितो.

## हाताशी काय ठेवायचं

ध्रुवावरून पाहिलेला नकाशा. भिंतीवरचा जगाचा नकाशा इथे उपयोगाचा नाही. त्यात अंटार्क्टिका तळाशी ओढूनताणून पसरलेली पट्टी दिसते. ध्रुव मधोमध असलेला नकाशा शोधा, दोन्ही ध्रुवांचा वेगवेगळा. वाचताना पेन्सिलीने तारखा टाकत गेलात तर अर्धं पुस्तक आपोआप समजतं.

नावांचा कागद. कोण कुणाबरोबर गेला, कोण तळावर राहिला, हे लिहून ठेवा. दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या रॉबर्ट स्कॉट या इंग्रजाच्या शेवटच्या मोहिमेत दोन एव्हान्स आहेत. एक ध्रुवावर पोचून परतीच्या वाटेवर मेला आणि दुसरा मरता मरता वाचला. पहिल्या वाचनात मी दोघांना एकच माणूस समजलो होतो, आणि मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात बोलायला लागल्यावर चक्रावलो.

मापांची चिठ्ठी. एक अक्षांश म्हणजे ६० सागरी मैल, साधारण १११ किलोमीटर. सागरी मैल १.८५ किलोमीटरचा आणि जमिनीवरचा मैल १.६१ किलोमीटरचा. जुने लेखक यांपैकी कोणता मैल म्हणतायत ते दरवेळी सांगत नाहीत. तापमान बहुतेक फॅरेनहाइटमध्ये असतं. उणे ४०ला दोन्ही मापं एकत्र येतात, एवढी खूणगाठ बांधून ठेवली तरी पुरे. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे 'इतके अंश फ्रॉस्ट'. ते शून्यापासून मोजलेलं नसतं. ३२ फॅरेनहाइटला पाणी गोठतं, त्याच्याखाली किती, असा तो हिशोब असतो. म्हणजे १०९ अंश फ्रॉस्ट म्हणजे उणे ७७ फॅरेनहाइट, आपल्या भाषेत उणे ६० सेल्सिअसच्या आसपास.

थोडे शब्द. पेमिकन म्हणजे वाळवलेलं मांस कुटून चरबीत मळलेलं अन्न. तेच बिस्किटांच्या चुऱ्याबरोबर पाण्यात उकळलं की हूश. पॅक म्हणजे समुद्रावर तरंगणारा बर्फ, त्याचा एकेक तुकडा म्हणजे फ्लो, आणि दोन तुकड्यांमध्ये उघडणारी पाण्याची वाट म्हणजे लीड. सास्त्रुगी म्हणजे वाऱ्याने कोरलेल्या बर्फाच्या कडक लाटा. त्यांवरून घसरगाडी उलटते. क्रेव्हास म्हणजे हिमनदीतली खोल भेग, वरून हिमाच्या पातळ झाकणाने लपलेली. डेपो म्हणजे परतीच्या वाटेवर ठेवलेला अन्न-इंधनाचा साठा.

आणि स्कर्व्ही. हिरड्या सुजतात, जुन्या भरलेल्या जखमा पुन्हा उघडतात. कारण क जीवनसत्त्वाचा अभाव, हे तुम्हाला माहीत आहे. १९१२ सालच्या माणसाला नव्हतं. कित्येक जण नासलेल्या डब्यांवर खापर फोडत होते. ताजं मांस खाल्लं की माणूस सुधारतो हे काहींच्या अनुभवात होतं, पण का ते कळत नव्हतं. वाचताना 'अरे, सील खा ना!' असं ओरडावंसं वाटतं. वाटू द्या.

## १. आधी ठरवा: उत्तर की दक्षिण

हे दोन वेगळे विषय आहेत, हे मला फार उशिरा कळलं. उत्तरेला समुद्र आहे आणि त्याच्याभोवती जमीन. दक्षिणेला जमीन आहे आणि तिच्याभोवती समुद्र. बाकी सगळे फरक यातून निघतात.

उत्तरेत पायाखालचा बर्फ चालत असतो. १८२७मध्ये पॅरी नावाचा इंग्रज अधिकारी ध्रुवाकडे जायला निघाला. माणसं दिवसभर उत्तरेकडे घसरगाड्या ओढत आणि बर्फ त्यांना दक्षिणेकडे वाहून नेई. शेवटी शेवटी तर कष्ट सगळे आणि प्रगती जवळजवळ शून्य. उत्तरेत अस्वलं आहेत, वॉलरस आहेत, म्हणजे बंदूक असेल तर अन्नही आहे. आणि मुख्य म्हणजे तिथे हजारो वर्षं माणसं राहत आली आहेत.

दक्षिणेत माणूस नव्हता. किनाऱ्यावर सील आणि पेंग्विन, पण आत शिरलात की खायला फक्त तेच जे तुम्ही ओढत आणलंय. ध्रुव समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे थंडीत विरळ हवेची भर.

एक छोटा सापळा: दक्षिणेतला उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत असतो. जूनमधल्या प्रवासाचं वर्णन वाचताना चोवीस तास अंधार डोळ्यांसमोर आणा, नाहीतर निम्मी भयानकता निसटते.

## २. पहिली गोष्ट: एन्ड्युरन्स

दुसरं काही सुचवत नाही. नवख्या वाचकासाठी याहून चांगलं दार मला सापडलेलं नाही. प्रवासातल्या त्या गृहस्थांची गोष्ट हीच होती.

अर्नेस्ट शॅकल्टनला अंटार्क्टिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पायी ओलांडायचा होता. त्याचं जहाज एन्ड्युरन्स डिसेंबर १९१४मध्ये दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावरून निघालं आणि जानेवारी १९१५मध्ये अंटार्क्टिकाला लागून असलेल्या वेडेल समुद्राच्या बर्फात रुतलं. किनाऱ्यावर पाऊल पडलंच नाही. ऑक्टोबर १९१५मध्ये जहाज सोडावं लागलं, नोव्हेंबरमध्ये ते बुडालं. २८ माणसं, तीन होड्या आणि पायाखाली वितळत जाणारा बर्फ. एप्रिल १९१६मध्ये बर्फ फुटल्यावर त्यांनी होड्या पाण्यात लोटल्या आणि आठवडाभराने ओसाड एलिफंट बेट गाठलं. तिथून कुणी जाणार-येणार नव्हतं. मग शॅकल्टन पाच जणांना घेऊन जेम्स केअर्ड नावाच्या साडेबावीस फुटी होडीतून साउथ जॉर्जियाकडे निघाला. अंतर सुमारे १५०० किलोमीटर. आपण कुठे आहोत ते काढायला जहाजाचा कप्तान फ्रँक वर्स्ली याच्याकडे एक सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची उंची मोजायचं यंत्र, आणि सूर्य ढगांतून डोकावेल तेव्हाच त्याचा उपयोग. बेट चुकलं असतं तर पुढे नुसता समुद्र.

बेट चुकलं नाही, पण लागलं ते उलट्या बाजूने. वस्ती पलीकडे, मध्ये नकाशावर नसलेले डोंगर आणि हिमनद्या. शॅकल्टन, वर्स्ली आणि टॉम क्रीन ते ३६ तासांत ओलांडून २० मे १९१६ला स्ट्रोमनेसच्या देवमासे पकडणाऱ्यांच्या ठाण्यावर पोचले. एलिफंट बेटावरचे २२ जण मात्र अजून अडकलेले. तीन प्रयत्न बर्फाने परतवले, आणि चौथ्या वेळी चिलीची येल्चो नावाची छोटी बोट, कप्तान लुईस पार्दो, ३० ऑगस्टला त्यांना घेऊन आली. बावीसच्या बावीस.

आता पुस्तक. १९५९मध्ये आलेलं आल्फ्रेड लान्सिंगचं 'एन्ड्युरन्स' आधी वाचा. तो स्वतः मोहिमेत नव्हता. डायऱ्या वाचून आणि हयात असलेल्या माणसांशी बोलून त्याने लिहिलं, आणि कुठे थांबायचं हे त्याला कळतं. शॅकल्टनचं स्वतःचं 'साउथ' (१९१९) त्याच्यानंतर घ्या. तो नेता आहे, त्यामुळे कुणाचं कुणाशी फाटलं हे तो पुसट करतो. सुतार हॅरी मॅकनीशचं उदाहरण घ्या. त्याच्या हातच्या कामाशिवाय जेम्स केअर्ड तरली नसती, पण बर्फावर त्याने हुकूम मानायला नकार दिला होता, आणि परतल्यावर त्याला ध्रुवीय पदक मिळालं नाही. हे कळल्यावर 'साउथ' परत उघडून त्याच्याबद्दल काय लिहिलंय आणि काय गाळलंय ते पाहा. मजा तिथे आहे.

मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याची छायाचित्रं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. बर्फात झुकलेलं ते जहाज, रात्री झगझगीत उजेडात टिपलेलं. तेव्हा छायाचित्रं काचेच्या पट्ट्यांवर घेत. जहाज सोडल्यावर सगळ्या काचा नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने आणि शॅकल्टनने बसून निवड केली आणि नको असलेल्या शेकडो काचा तिथेच फोडल्या, म्हणजे मन बदलायला वाव राहू नये. मार्च २०२२मध्ये खुद्द जहाजही सापडलं, सुमारे ३००० मीटर खोल, वर्स्लीने नोंदवलेल्या जागेपासून जवळच.

इथले दोन सापळे. पहिला ती प्रसिद्ध जाहिरात, 'धोक्याच्या प्रवासासाठी माणसं हवीत, पगार कमी, कडाक्याची थंडी' वगैरे. शॅकल्टनने ती दिली असं जिकडेतिकडे छापलं जातं, पण कितीही शोधलं तरी मूळ वर्तमानपत्रात ती कुणाला सापडलेली नाही. पुस्तकाची सुरुवातच या जाहिरातीने होत असेल तर लेखकाने बाकीचं काय तपासलं असेल, असा संशय घ्यायला हरकत नाही.

दुसरा सापळा, 'शॅकल्टनचा एकही माणूस मेला नाही' हे वाक्य. वेडेल समुद्राच्या बाजूचे सगळे वाचले, हे खरं. पण याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या विरुद्ध बाजूला, रॉस समुद्राकडून, शॅकल्टनसाठी साठे ठेवायला गेली होती. त्यांचं जहाज नांगर तुटून वाहून गेलं, दहा माणसं किनाऱ्यावर राहिली. त्यांनी ठरल्याप्रमाणे साठे ठेवले, जो माणूस येणारच नव्हता त्याच्यासाठी. त्यांतले तिघे मेले. एन्ड्युरन्स आवडलं असेल तर ही तुकडी लगेच वाचा.

## ३. दुसरी गोष्ट तुमच्या आवडीने

एकट्या माणसाची झुंज वाचायला आवडत असेल तर डग्लस मॉसन. डिसेंबर १९१२मध्ये अंटार्क्टिकातल्या आपल्या तळापासून सुमारे ५०० किलोमीटरवर त्याचा साथीदार निनिस क्रेव्हासमध्ये गेला आणि त्याच्याबरोबर चांगले कुत्रे, तंबू आणि बहुतेक सगळं अन्न. दुसरा साथीदार मर्ट्झ जानेवारीत वाटेतच मेला. कुत्र्यांचं यकृत खाल्ल्याने अ जीवनसत्त्वाची विषबाधा झाली असावी, असं एक मत आहे. त्यावर वादही आहे. मॉसनच्या तळपायांची कातडी सुटून आली. त्याने ती परत बांधली आणि चालत राहिला. ८ फेब्रुवारी १९१३ला तो झोपडीपाशी पोचला तेव्हा जहाज काही तासांपूर्वीच निघून गेलं होतं. त्याच्या वाटेकडे डोळे लावून मागे राहिलेल्या सहा जणांबरोबर त्याला आणखी जवळपास वर्षभर तिथे काढावं लागलं.

लेखणीवर प्रेम असेल तर स्कॉटच्या मोहिमेतल्या ॲप्स्ली चेरी-गॅरार्डचं १९२२चं 'द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड'. या नावातला 'सर्वांत वाईट प्रवास' म्हणजे स्कॉटचा ध्रुवप्रवास असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. तसं नाही. १९११च्या ऐन हिवाळ्यात, चोवीस तास अंधारात, तिघे जण पाच आठवडे चालत गेले ते एम्परर पेंग्विनची अंडी आणायला. उणे ६० सेल्सिअस. घामाने आणि श्वासाने कपडे गोठून पत्र्यासारखे होत. वादळात तंबू उडून गेला, म्हणजे मरणच. आणि नंतर तो जवळच एका उतारावर सापडला. तीन अंडी परत आली. बरोबर गेलेले विल्सन आणि बॉवर्स पुढच्या वर्षी स्कॉटबरोबर मेले. तिघांतला उरलेला एकटाच हे सगळं लिहितो आहे, आणि ते प्रत्येक पानावर जाणवतं. पुस्तक मोठं आहे. कंटाळा आला तर हिवाळी प्रवासाचं प्रकरण आधी वाचा, अजिबात अपराधी वाटून घेऊ नका.

माणसांच्या डोक्यात काय होतं यात रस असेल तर बेल्जिका. अंटार्क्टिकाच्या बर्फात १८९८चा हिवाळा काढणारं पहिलं जहाज. अंधार, स्कर्व्ही, भ्रम. जहाजावरचा डॉक्टर फ्रेडरिक कुक सगळ्यांच्या मागे लागून पेंग्विनचं मांस खायला लावतो, आणि पुढे दक्षिण ध्रुवावर पहिला पोचणारा नॉर्वेचा तरुण अमुंडसेन हे सगळं बघून शिकतो. या कुकने पुढे उत्तर ध्रुव जिंकल्याचा दावा केला, तो बहुतेक जण मान्य करत नाहीत. चांगला डॉक्टर आणि अविश्वसनीय साक्षीदार एकाच अंगरख्यात.

वेळच नाही असं म्हणणाऱ्यासाठी लिओनिद रोगोझोव्ह. ३० एप्रिल १९६१, अंटार्क्टिकातलं सोव्हिएत ठाणं, हिवाळा, एकच डॉक्टर आणि अपेंडिक्स त्याचंच. त्याने स्थानिक भूल घेऊन, अर्धवट बसून, स्वतःचं पोट स्वतः कापलं आणि शिवलं. अर्ध्या तासात वाचून होतं.

## ४. स्कॉट आणि अमुंडसेन: एकत्रच वाचा

दक्षिण ध्रुवावर पहिलं कोण पोचणार, इंग्रज स्कॉट की नॉर्वेचा अमुंडसेन, ही ती गोष्ट. इथे बहुतेक वाचक एका पक्षात सामील होतात. तुम्ही होऊ नका, निदान लगेच नको.

स्कॉट ध्रुवावरून परतताना साथीदारांसह मेला, आणि कित्येक दशकं तो हुतात्मा होता. १९७९मध्ये रोलंड हंटफर्डने दोघांचं जोडचरित्र लिहून स्कॉटची चिरफाड केली आणि वारं फिरलं. २००१मध्ये हवामानशास्त्रज्ञ सुसान सॉलोमनने नोंदी तपासून दाखवलं की परतीचा तो मार्च नेहमीपेक्षा कितीतरी थंड होता. म्हणजे तुम्ही कुठलं पुस्तक आधी उचलता, त्यावर तुमचं मत ठरतं.

माझी पद्धत सांगतो. वहीच्या पानाचे दोन भाग करा आणि तारखेला तारीख लावा. १४ डिसेंबर १९११: अमुंडसेन चार जणांसह ध्रुवावर. त्याच दिवशी स्कॉट बिअर्डमोर हिमनदीवर मऊ हिमात घसरगाड्या रेटतोय. १७ जानेवारी १९१२: स्कॉट ध्रुवावर, नॉर्वेची माणसं आधीच येऊन गेलेली. त्यांचा तंबू दुसऱ्या दिवशी सापडला. अमुंडसेन तोवर जवळजवळ घरी पोचलाय. २५ जानेवारीला ५२पैकी ११ कुत्रे घेऊन तो तळावर परतला. १७ फेब्रुवारी: एव्हान्स मेला. मार्चच्या मध्यावर स्कॉटचा आणखी एक साथीदार, ओट्स, वादळात बाहेर निघून गेला. २९ मार्च: स्कॉटची शेवटची नोंद, पुढचा साठा फक्त ११ मैलांवर, सागरी, म्हणजे वीस किलोमीटर. घसरगाडीवर शेवटपर्यंत १६ किलो दगडांचे नमुने. इंधनाचे डबे साठ्यांवर अर्धे रिकामे सापडत होते, कारण थंडीत बुचांतून तेल उडून जाई.

हे पान भरलं की लक्षात येतं की 'शर्यत' हा शब्द फार थोड्या दिवसांपुरता खरा आहे. कुत्रे, घोडे, स्की, इंधनाचं बूच, मार्चची हवा, ध्रुवाकडे ऐनवेळी घेतलेल्या पाचव्या माणसाचं जेवण: प्रत्येकाचं वजन तुम्ही स्वतः ठरवू शकता.

एक सावधगिरी. स्कॉटची डायरी पहिल्यांदा छापताना तिच्यातली काही बोचरी वाक्यं काढून टाकली होती. छापील डायरी म्हणजे जसंच्या तसं मन, असं समजू नका. प्रस्तावना वाचा, कुणी संपादन केलंय आणि काय गाळलंय ते तिथे लिहिलेलं असतं.

## ५. धागा पकडा

माझ्या मते या विषयाची खरी नशा इथे सुरू होते. मोहिमा सुट्या नाहीत, एकीतून दुसरी निघते.

१८७९मध्ये डी लाँगचं जेनेट हे जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवासाठी निघालं, बर्फात अडकलं आणि जून १८८१मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बुडालं. ३३पैकी २० माणसं गेली. डी लाँग स्वतः लेना नदीच्या मुखाशी उपासमारीने मेला, शेवटपर्यंत डायरी लिहीत. तीन वर्षांनी त्या जहाजावरच्या वस्तू ग्रीनलंडच्या किनाऱ्याजवळ मिळाल्या. म्हणजे बर्फ त्यांना घेऊन ध्रुवीय समुद्राच्या पार पलीकडे गेला होता.

हे वाचून फ्रिट्योफ नान्सेनने विचार केला, मग जहाजही का नाही? त्याने गोलाकार बुडाचं फ्राम बांधलं, बर्फाने दाबलं की वर उचललं जाणारं, आणि १८९३मध्ये मुद्दाम बर्फात अडकवलं. मार्च १८९५मध्ये तो आणि योहान्सेन जहाज सोडून कुत्र्यांसह ध्रुवाकडे निघाले. ८६ अंशांच्या पुढे जाऊन वळले. परतीत दोघंही घड्याळांना चावी द्यायला विसरले, आणि घड्याळाशिवाय रेखांश कळत नाही! आपण नेमके कुठे आहोत याचा पत्ता नाही. फ्रान्झ जोसेफ लँड या उत्तरेतल्या बेटांवर दगड आणि वॉलरसच्या कातड्याच्या खोपट्यात त्यांनी हिवाळा काढला, अस्वलाचं मांस खाऊन चक्क वजन वाढवलं. जून १८९६मध्ये तिथल्याच केप फ्लोराला त्यांची झोपड्या बांधून राहिलेल्या जॅक्सन या इंग्रजाशी अचानक गाठ पडली.

१९१४मध्ये रशियन अधिकारी अल्बानोव्ह अडकलेल्या सेंट ॲना जहाजावरून काही सोबत्यांसह पायी निघाला. त्याच्याकडे वाट दाखवायला होता तो नान्सेनच्या पुस्तकातला अपुरा नकाशा. तो जॅक्सनच्या त्याच जुन्या झोपड्यांपाशी, केप फ्लोराला, पोचला. शेवटी वाचले दोघंच. जेनेट, फ्राम आणि अल्बानोव्ह या क्रमाने वाचले तर एका पुस्तकातलं ओळखीचं ठिकाण तिसऱ्या पुस्तकात जीव वाचवताना दिसतं. उलट्या क्रमाने वाचलं तर हे हातचं जातं. मी उलटं वाचलं.

## ६. ज्यांनी पुस्तक लिहिलं नाही त्यांच्याकडे वळा

इथवर आलात की एक गोष्ट खटकायला हवी: लिहिणारे सगळे अधिकारी आहेत.

उत्तरेतून अटलांटिक ते पॅसिफिक असा समुद्रमार्ग शोधायला निघालेली फ्रँकलिनची मोहीम १८४५मध्ये एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं घेऊन गेली आणि १२९ माणसांसह नाहीशी झाली. १८५४मध्ये जॉन रे या प्रवाशाने इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांकडून ऐकलेली हकीकत आणली: माणसं उपाशी मेली, आणि शेवटी त्यांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं. लंडनमध्ये संताप उसळला. चार्ल्स डिकन्सने तर इनुइटांच्या साक्षीवरच अविश्वास दाखवणारे लेख लिहिले. पुढे हाडांवर सुऱ्यांच्या खुणा सापडल्या. जहाजं मिळाली २०१४ आणि २०१६मध्ये, आणि शोधाला दिशा मिळाली ती इनुइटांच्या सांगण्यातूनच. म्हणून फ्रँकलिनवरचं पुस्तक निवडताना त्यात इनुइट साक्षींना किती जागा आहे ते आधी चाळून पाहा.

एडा ब्लॅकजॅकची गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. अलास्कातल्या इन्युपियाट या मूळ रहिवासी समाजाची बाई, आजारी मुलाच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून १९२१मध्ये चार पुरुषांबरोबर सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगल बेटावर शिवणकाम करायला गेली. जानेवारी १९२३मध्ये तिघे बर्फावरून मदत आणायला गेले ते कायमचे. चौथा स्कर्व्हीने आजारी. तिने त्याची शुश्रूषा केली, तो जूनमध्ये मेला. मग ऑगस्टपर्यंत ती आणि एक मांजर. सापळे लावणं आणि बंदूक चालवणं ती तिथेच शिकली. जेनिफर निव्हनने तिच्यावर २००३मध्ये पुस्तक लिहिलं आहे.

## ७. आता दुसऱ्याला सुचवा, पण विचारून

माझी सगळ्यात मोठी चूक इथली. कुत्रे जिवापाड सांभाळणाऱ्या एका मैत्रिणीला मी उत्साहाने अमुंडसेन दिला. त्याची योजनाच अशी होती की पठारावर चढल्यावर निम्मे कुत्रे मारायचे आणि बाकीच्यांना खाऊ घालायचे. २४ कुत्रे एकाच तळावर मारले. तिने पुस्तक त्याच पानावर खूण घालून परत पाठवलं. सोबत चिठ्ठीही नव्हती.

तेव्हापासून मी आधी चार गोष्टी विचारतो. प्राण्यांचे हाल वाचणं सहन होईल का? एन्ड्युरन्सवरही कुत्रे आणि सुताराची मांजर मारावी लागली, ते सांगून ठेवतो. नरभक्षण चालेल का? फ्रँकलिन आणि १८८१ची ग्रीलीची मोहीम, जिथे २५पैकी सहाच शेवटी जगले, या तिथे येतात. शेवट गोड हवा का? आणि शेवटचा प्रश्न, डायरी आवडते की सलग गोष्ट? ज्याला डायरीची सवय नाही त्याला 'आज वारा वायव्येचा, चार मैल' अशी पानं देऊ नका.

शेवट सांगू नका. 'सगळे वाचतात' असं म्हणूनच मी दोघांचं एन्ड्युरन्स वाया घालवलं.

आवृत्तीही पाहून द्या. 'साउथ', 'द वर्स्ट जर्नी' आणि अमुंडसेनचा वृत्तांत प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, पण नुसत्या मजकुराच्या प्रतीत नकाशे आणि छायाचित्रं गायब असतात. चित्रांसहची प्रत उतरवा, आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर नकाशा वाचायचा हट्ट धरू नका. आणि ज्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल शेजारी उभे असतील ती परत ठेवा.

आणि कुणी 'एकाच बैठकीत संपेल असं दे' म्हणालं, तर मी टॉम क्रीन देतो. फेब्रुवारी १९१२, स्कॉटच्या मोहिमेतली परतणारी शेवटची तुकडी. दुसरा एव्हान्स, वर म्हटलं तो वाचणारा, स्कर्व्हीने आडवा. लॅशली त्याच्याजवळ थांबला, आणि क्रीन तंबू न घेता, तीन बिस्किटं आणि थोडं चॉकलेट खिशात टाकून, सुमारे ५६ किलोमीटर एकटा चालत गेला. अठरा तास. तो झोपडीत शिरला आणि अर्ध्या तासात वादळ आलं. स्ट्रोमनेसला पोचलेला क्रीन तो हाच. त्याने स्वतः एक ओळही छापली नाही, त्यामुळे त्याच्या नावाने त्याचं पुस्तक शोधत बसू नका. चेरी-गॅरार्डच्या पुस्तकात लॅशलीची डायरी उतरवलेली आहे, तिथे तो भेटतो.